छतावरच्या सळया

बकरी ईदला तीन दिवस उरले होते. शुक्रवारी सकाळी तफीदाने कपाट भिंतीपासून हातभर सरकवलं आणि मागे डोकावून बघितलं. दर ईदला घर झाडायच्या निमित्ताने ती हे करायचीच. भिंतीत केसाएवढी एक चीर होती, आणि त्या चिरेवर आडवी थापलेली जिप्समची एक टिकली, तळव्याएवढी. तिच्या नवऱ्याने ती चौदा वर्षांपूर्वी लावून वर खिळ्याने तारीख कोरली होती. चौदा वर्षं टिकली शाबूत होती. आज ती मधोमध फुटली होती. महिना चिरेच्या एका बाजूला राहिला होता, वर्ष दुसऱ्या बाजूला.

तफीदाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. तेवढ्यात वर कुणीतरी मोरीत बादली ओतली. ते पाणी मजल्यामागून मजले खळखळत खाली आलं, तिच्या उशाजवळच्या पाइपातून गेलं आणि घराखालच्या शोषखड्ड्यात पडलं. हा आवाज ती रोज ऐकत होती. त्या दिवशी तिला वाटलं, आपल्या छातीतूनच काहीतरी वाहून जातंय.

तिचा नवरा शिहाता हा सळया बांधणारा फिटर. गल्ली त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायची. त्याने अर्ध्या गिझाच्या इमारतींचं लोखंड बांधलं असेल, आणि स्वतःच्या घराचं तर एकट्याने. टिकलीचं गणित त्यानेच बायकोला समजावलं होतं. "जिप्सम भित्रं असतं गं. भिंत नखभर जरी हलली, तरी सगळ्यात आधी तेच फुटतं. ही टिकली फुटली, तर वर एक वीट चढू द्यायची नाही. आणि माणसं खाली उतरवायची. कळलं?" तफीदाने मान डोलावली होती. तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

गिझाजवळच्या कफ्र सावी गावात ती सतराव्या वर्षी नांदायला आली, तेव्हा गावात साठ-सत्तर घरं होती, सगळी कच्च्या विटांची. दारासमोर कालवा, काठावर दोन वाळुंजाची झाडं, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर घेवडा आणि बरसीमचा हिरवा चारा. म्हशी कालव्यात बसायच्या. पोरं म्हशींच्या पाठीवर. आता कालव्याच्या जागी रस्ता आहे, पाणी त्याखालच्या नळीतून जातं, आणि बरसीम बघायचं तर मायक्रोबसने अर्धा तास जावं लागतं. शेतं सरकारने घेतली नाहीत, परक्या कुणीही घेतली नाहीत. आम्हीच ती खाल्ली, एकेका पोराच्या लग्नापायी एकेक तुकडा. आमच्याकडे नवऱ्या मुलाने घर दाखवल्याशिवाय कुणी मुलगी देत नाही, आणि बापाने पोराला डोक्यावर छप्पर दिलं नाही तर त्याला बाप कोण म्हणणार? जमीन संपली, तेव्हा लोक वर चढू लागले. म्हणून आमच्या गावात एकही घर पूर्ण झालेलं दिसणार नाही. प्रत्येक छतावर खांबांच्या सळया हातभर वर काढून ठेवलेल्या असतात. खालून जाणारा त्या मोजतो आणि ओळखतो की या घरात अजून एक पोरगा लग्नाचा आहे.

तफीदाची पहिली दोन लेकरं जुलाबाने गेली. एक चाळीस दिवसांचं, एक दीड वर्षाचं. त्यानंतर तिने जी धास्ती घेतली ती घेतलीच. सुबही झाला, पाठोपाठ आणखी दोन मुलगे झाले, तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. एक-दोन जास्तच असू देत, उद्या काय होईल सांगता येतं का! दवाखान्यातली नर्स तिला दर महिन्याला मूल न होण्याच्या गोळ्यांचं पाकीट द्यायची. तफीदा ते घेऊन यायची, आभार मानायची आणि पिठाच्या डब्यामागे टाकून द्यायची. पुढे घर पाडून पक्कं बांधायचं ठरलं, तेव्हा शिहाता उघड्या खड्ड्यात उभा राहून सळया बांधत होता आणि ती वरून चहाचा पेला देत होती.

"तळमजला आणि वर तीन," शिहाता म्हणाला. "तीन पोरं, तीन मजले. पाया तेवढाच घेतलाय. ऐकलंस का गं, इथेच थांबायचं."

तफीदा खळखळून हसली होती. "तुझ्या सळया संपतील उस्ता, माझी पोरं नाही संपायची!"

खड्ड्यातले गवंडी हसले. शिहाताही हसला. तिने आणखी तीन मुलगे दिले. प्रत्येक बाळंतपणानंतर, आणि पुढे प्रत्येक नातवाच्या जन्माला, तिने हलहल केली. जिभेचा तो आनंदाचा लांब कंप असा खणखणीत, की तीन गल्ल्यांपलीकडे लोक म्हणायचे, उम्म सुबहीकडे, सुबहीच्या आईकडे, पाळणा हलला. या हलहलीचा तिला गर्व होता.

चौथा मजला शिहाताने स्वतःच चढवला. पायात मी हिशेबापेक्षा जास्तच लोखंड घातलंय, म्हणाला. पण वरून उतरल्यावर त्याने टिकली लावली, आणि तो हसला नाही. वर्षभराने तो वारला. पाचवा आणि सहावा मजला पोरांनी चढवला, दोन्ही वेळा ईदच्या सुट्टीत, कारण सुट्टीत बेकायदा बांधकाम थांबवणारे सरकारी साहेब घरी मटण खात असतात. तफीदा गप्प राहिली. टिकली शाबूत आहे ना, मग झालं. आणि शेवटच्या दोन पोरांना ती कोणत्या तोंडाने सांगणार होती की बाबांनो, तुमच्यापुरतं तुमच्या बापाने खाली काही घातलंच नाही?

आता सातवा मजला, नातवासाठी. वाइल हा सुबहीचा थोरला. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो, आणि तीन वर्षांपासून दुहा नावाच्या मुलीशी त्याची सोयरीक झालेली आहे. दुहाच्या बापाने निर्वाणीचं सांगितलं होतं, ईदची सुट्टी संपेपर्यंत खांब दिसले नाहीत तर अंगठी परत. आठवड्यापूर्वीच चार हजार विटा, वाळू आणि सिमेंट छतावर चढलं होतं. तेच वजन चिरेने सांगितलं होतं.

दर शुक्रवारी सगळं घर तफीदाकडे जेवतं. पूर्वी एका पंगतीत व्हायचं, आता तीन पंगती बसतात. मुलूखियाची पातळ पालेभाजी वाढताना ती डोकी मोजते, ही तिची जुनी सवय. एकोणचाळीस. एरवी हा आकडा आला की तिला बरं वाटायचं. त्या दुपारी तिला तो आकडा घेऊन कुठे लपावं कळेना. एकोणचाळीस माणसं, त्यांच्या खाटा, फ्रिज, टाक्या, आणि खाली तीन मजल्यांचा पाया, तोही ओल्या मातीत. तिने डाव भांड्यात ठेवून दिला.

"सातवा मजला नको," ती म्हणाली.

पहिल्यांदा कुणी ऐकलंच नाही, इतका गलका होता. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने.

"म्हणजे?" सुबहीचा घास हातातच राहिला.

"टिकली फुटलीय. तुझ्या बापाने लावलेली. त्याने पाया तीन मजल्यांचा घातला होता."

"यम्मा, समोरच्या घरावर नऊ मजले आहेत, आणि पाया घातला तो त्यांच्या गाढवाने," धाकटा लुत्फी म्हणाला. सगळे हसले. "ते पडलं का? उलट अजून चार पोरांची लग्नं व्हायचीत त्यांच्याकडे!"

सुबहीची बायको इन्शिराह मात्र हसली नाही. तिने भाकरी खाली ठेवली. "यम्मा, लुत्फीभावजींच्या वेळी नाही ती टिकली फुटली. त्याच्या आधीच्या भावजींच्या वेळीही नाही. माझ्या पोराची पाळी आली, तेव्हाच बरी फुटली! दुहा तुम्हाला पहिल्यापासून आवडत नाही, तसं सरळ म्हणा की."

"अगं, माझ्या कपाटामागे येऊन बघ तरी..."

"मला भिंती कळत नाहीत. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा झालाय, तेवढं कळतं."

वाइल आजीकडे बघत राहिला, आणि ते बघणं तिला इन्शिराहच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं. हाच पोरगा लहानपणी तिच्या कुशीत झोपायचा. त्याला तिनेच शब्द दिला होता, छत तुझं म्हणून.

संध्याकाळी तिने शिहाताच्या जुन्या पेटीतून थापी काढली, जिप्सम कालवलं आणि चिरेवर नवी टिकली लावली. तारीख कोरली. मनाशी म्हणाली, जुनं जिप्सम वाळून तडकलं असेल, हे टिकेल. शनिवारी टिकली धड होती. तरीसुद्धा तिला घरात भीती वाटायला लागली होती, लख्ख दिवसासुद्धा. वरची पोरं जिन्यातून धावत उतरली की ती कपाटाकडे बघायची. संडासाचं दार घासायला लागलं होतं, ते तिने दहादा उघडून मिटून बघितलं. खांबाच्या बुडाशी पांढरं मीठ फुटलं होतं. बोट लावलं की प्लास्टर ओल्या साखरेसारखं सुटायचं. ही एकोणचाळीस माणसांच्या आंघोळीची ओल. कालवा मोकळा होता तेव्हा पाणी तरी वाहून जायचं. आता ते जाणार कुठे? घर आपल्याच सांडपाण्यात उभं होतं.

रविवारी दुपारी नवी टिकलीही फुटली.

तिने सुबहीला एकट्याला हाक मारली. सुबही मायक्रोबस चालवतो, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. कपाटामागे वाकून त्याने दोन्ही टिकल्या पाहिल्या, नवीच्या तारखेवरून अंगठा फिरवला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जिप्सम जुनं असेल," तो म्हणाला.

"परवाच आणलंय रे."

"मग पाणी जास्त पडलं असेल."

"सुबही, मला भीती वाटते."

तो तिच्या शेजारी पलंगावर बसला आणि त्याने आवाज एकदम खाली आणला. "यम्मा, मग सांग मला. ही माणसं कुठे नेऊ? सहा बिऱ्हाडं. भाडं ऐकलंयस का आता? गावात आहे कुणाकडे एक खोली रिकामी? प्रत्येक घर आपल्यासारखंच खचाखच. तू सांग कुठे, मी आत्ता सामान उतरवतो." सुबहीने उठून कपाट पुन्हा भिंतीला लावून टाकलं, अगदी चिकटून. "इन्शिराहला सांगू नकोस. परवा सकाळी फिटर येतायत. खांब झाले की दुहाचा बाप गप्प बसेल, मग बघू."

तिच्या लक्षात आलं की थोरला तिच्याइतकाच घाबरला आहे, आणि म्हणूनच ऐकणार नाही.

ईदच्या सकाळी नमाजाची तकबीर सुरू झाली. पुरुष आणि पोरं नवे कपडे घालून मैदानाकडे गेली. घर कधी नव्हे ते शांत झालं. तफीदाने शिहाताच्या पेटीतून लोखंड कापायची करवत काढली, ओढणीखाली घेतली आणि जिना चढायला लागली. गुडघ्यांमुळे ती चार वर्षांत वर गेली नव्हती. प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत तान्ह्याचं रडणं, शिट्ट्या देणारा कुकर, कांद्याचा वास. पूर्वी तिला यात आपली श्रीमंती दिसायची. आता प्रत्येक दारापाशी ती कठडा धरून उभी राहायची आणि तिला वाटायचं, मी इथे टेकले एवढंही नको होतं, माझंही वजन आहेच ना.

छतावर विटांची रास छातीइतकी उंच होती. पाण्याच्या टाकीशेजारी कुर्बानीचा मेंढा बांधलेला, तो तिच्याकडे बघून ओरडला. "गप रे," ती म्हणाली. "आज तुझं आणि माझं सारखंच." बारा खांब, प्रत्येकाच्या चार सळया, गंजून लाल झालेल्या, आभाळाकडे तोंड करून. ती पहिल्याच सळईशी मांडी घालून बसली आणि करवत चालवायला लागली.

नमाज संपली, तेव्हा एक सळई कापून झाली होती. एकच. करवतीचं पातं मोडलं होतं आणि तिच्या उजव्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती. वाइल मेंढा न्यायला वर आला, तेव्हा ती मोडक्या पात्याने दुसरी घासत होती.

"सित्ती!" आजीला हाक मारत तो धावत आला. "वेड लागलं का तुला? काय करतेस? माझ्या आयुष्यावर करवत चालवतेस तू! तीन वर्षं मी..."

"तुझा आजोबा खाली खड्ड्यात उभा होता," तफीदा म्हणाली. तिला धाप लागली होती. "म्हणाला, तीनच मजल्यांचा पाया आहे. मी हसले. म्हटलं, तुझ्या सळया संपतील, माझी पोरं नाही संपायची. असा माज होता मला, वाइल. मी भीतीपोटी पोरं काढत गेले आणि त्याला माज म्हणत गेले. तुला छत देते म्हणाले, ते खोटं होतं. माझ्याकडे द्यायला छत नव्हतंच कधी."

"समोर नऊ मजले आहेत!"

"समोरचं मला माहीत नाही. तू खाली चल. माझ्याबरोबर एकदाच खाली चल, मग वाटलं तर मला जिन्यावरून ढकलून दे."

त्याने तिला दंडाला धरून उतरवलं, रागाने, पण जपून. खोलीत त्याने कपाट ओढलं. ती म्हणाली, "बोट घाल." परवापर्यंत केसाएवढी असलेली चीर खाली जमिनीपाशी आता रुंदावली होती. वाइलने तर्जनी घातली. पहिलं पेर आत गेलं. आतून गार हवा लागली. तेवढ्यात वर कुणीतरी पळालं, मूल असावं, आणि त्याच्या बोटाभोवती बारीक रेती झरली.

त्याने बोट काढलं आणि त्यावरची रेती बघितली. रोज मिलिमीटर मोजणारा कारागीर होता तो, त्याला टिकलीचं गणित समजावावं लागलं नाही. तो बाहेर गेला आणि कामावरचं ग्राइंडर घेऊन वर चढला.

ईदच्या सकाळी आमच्या गल्लीत लोकांनी तो आवाज ऐकला. आधी वाटलं कुणी सुऱ्या परजतंय. मग लोक बाहेर आले आणि वर बघायला लागले. ठिणग्या उडत होत्या, आणि एकेक सळई खाली पडल्यावर टणत्कार होत होता. सत्तेचाळीस सळया त्याने कापल्या, बुडाशी, साफ. आमच्याकडे माणूस घर विकतो, दागिना विकतो, पण छतावरच्या सळया कुणी कापत नाही. तो अपशकुन मानतात, वंश खुंटल्याची खूण.

सुबही जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचला तेव्हा शेवटच्या खांबाचं काम चाललं होतं. त्याने हात उगारला. "नालायका! दुहाच्या बापाला काय सांगू मी?"

"अब्बा, खाली जा. चिरेत बोट घालून बघा."

सुबहीचा हात खाली आला. "बघितलीय मी ती चीर," तो म्हणाला.

"कधी?"

"काल."

वाइलने ग्राइंडर बंद केलं. इन्शिराह जिन्याच्या तोंडाशी पोचली होती. तिने ते ऐकलं आणि तोंडावर ओढणी दाबली. शेवटी सुबहीनेच वाकून दोन विटा उचलल्या आणि तो जिना उतरायला लागला. त्या दिवशी मेंढा दुपारपर्यंत जगला. नव्या कपड्यांतली सगळी माणसं जिन्यात एकाखाली एक उभी राहिली आणि विटा हातोहात खाली आल्या, चार हजार. मग वाळू. मग टाकीचं पाणी. लुत्फीने गाढवाचा विनोद पुन्हा काढला नाही. वरच्या दोन मजल्यांची माणसं जमेल तशी विखुरली. कुणी सासरी गेलं, कुणी मशिदीच्या वर्गखोलीत. लुत्फीची बायको आणि त्यांची दोन मुलं तफीदाच्या खोलीत आली. ईद संपली की इंजिनिअर येणार होता. तो काय सांगणार, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. दुहाच्या बापाने वाइलचा फोन दोनदा कापला.

संध्याकाळी भात-भाकरीवर मटण घातलेल्या फत्त्याचं मोठं ताट मध्ये ठेवलं होतं, आणि जे उरले होते ते गुपचूप जेवत होते. लुत्फीची बायको सबाह ताटावर वाकली, तोच मटणाच्या वासाने उठून मोरीकडे पळाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ती तोंड पुसत परत आली आणि तफीदाशेजारी येऊन बसली.

"यम्मा," ती हळूच म्हणाली, "सांगणारच होते तुम्हाला. दोन महिने झाले."

चाळीस. तफीदाच्या तोंडून आकडा निघाला नाही, पण मनात तो आपोआप मोजला गेला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. या घरात अशा बातमीनंतर काय होतं, ते लहान पोरांनाही ठाऊक होतं. सबाहचे डोळे भरून आले होते. ती वाट बघत होती, आणि तिची त्यात काय चूक होती?

तफीदा उठली आणि कपाटामागे भिंतीपाशी गेली. तिथे दुपारी लावलेली तिसरी टिकली होती, अजून ओली. तिने सोललेला तळवा त्या टिकलीशेजारी भिंतीवर ठेवला, तोंडापुढे दुसरा हात धरला आणि हलहल केली. अगदी बारीक आवाजात, भिंतीला धक्का बसू नये इतपत. ती कुणी जेमतेम ऐकली. मग ती तशीच हात टेकून उभी राहिली, आणि बाकीच्यांनी हातातले घास आवाज न करता ताटात ठेवले.